मैदान कुणाचं? शांततेने बसण्याचा हक्क आणि आपण

(मिरा रोड येथे तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. वकील नाही, मौलाना नाही, आणि नेता तर अजिबात नाही. आमच्या कामात एक साधी सवय लागते. एखादी सिस्टीम का चालत नाही हे समजून घ्यायचं असेल, तर आधी तिचे नियम वाचायचे आणि मग ती प्रत्यक्षात काय करते ते बघायचं. आज मी तेवढंच करणार आहे. नियम वाचून दाखवणार आणि प्रत्यक्षात काय घडलं ते सांगणार.

प्रश्न साधा आहे. समजा उद्या आपल्यापैकी दोनशे जणांना वाटलं, की सरकारच्या एखाद्या निर्णयाविरुद्ध शहरातल्या मैदानात चार तास शांतपणे बसावं. हातात फलक, डोक्यावर मंडप, पाण्याच्या बाटल्या, बस्स. तर बसता येईल का? कुणाला विचारावं लागेल? आणि त्यांनी नाही म्हटलं तर?

हा प्रश्न मी गेल्या काही महिन्यांत बऱ्याच मित्रांना विचारला. तीन प्रकारची उत्तरं मिळाली. पहिलं, "परवानगी मिळणारच नाही." दुसरं, "मिळाली तरी उद्या पासपोर्टच्या पोलीस व्हेरिफिकेशनला अडकवतील." आणि तिसरं, "आपल्या नावाच्या लोकांनी घरी बसलेलंच बरं." तिसरं उत्तर सगळ्यात जास्त वेळा मिळालं, आणि देणारे सगळे शिकलेले, कमावते, माझ्याच वयाचे होते.

ही भीती हवेतून आलेली नाही. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या नया नगरात काय झालं, हैदरी चौकात दोन दिवसांनी बुलडोझर कसे आले, हे इथे कुणाला सांगायची गरज नाही. ज्याने तो आवाज ऐकलाय, त्याला "घाबरू नकोस" असं मी कोणत्या तोंडाने सांगू? मी तसं सांगत नाही. मी एवढंच म्हणतो, की घाबरायचं असेल तर पूर्ण माहिती घेऊन घाबरू. अर्धवट माहितीवरची भीती आपल्याला हवं त्याहून जास्त मागे ढकलते.

नियम काय म्हणतो

संविधानाचं कलम १९ काढा. त्यातलं पहिलं उपकलम, त्यातला दुसरा मुद्दा. सर्व नागरिकांना शांततेने आणि शस्त्रांशिवाय एकत्र जमण्याचा हक्क आहे. सर्व नागरिकांना. धर्म, भाषा, वॉर्ड, पगार, काहीही लिहिलेलं नाही. अटी दोनच, शांतता आणि हातात शस्त्र नसणं.

मग त्याच कलमात पुढे लिहिलंय की देशाची सार्वभौमता, अखंडता आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांसाठी सरकार या हक्कावर वाजवी निर्बंध घालू शकतं. "वाजवी" हा शब्द लक्षात ठेवा. सगळी भांडणं त्या एका शब्दावर झाली आहेत.

आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टीम दोन प्रकारच्या असतात. एकीत सगळी दारं बंद असतात आणि ज्याला परवानगी दिली त्याच्यासाठीच उघडतात. दुसरीत दारं उघडी असतात आणि ठोस कारण असेल तेव्हाच एखादं बंद होतं. संविधानाने आपल्याला दुसरी सिस्टीम दिली आहे. प्रत्यक्षात आपण सगळे, पोलीसही आणि आपणही, पहिल्या सिस्टीममध्ये असल्यासारखे वागतो.

हे फक्त माझं मत नाही. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने 'हिम्मतलाल शहा विरुद्ध पोलीस आयुक्त, अहमदाबाद' या खटल्यात निकाल दिला. अहमदाबादेत सभेला पोलिसांनी परवानगी नाकारली होती. ज्या कायद्याखाली नाकारली तो होता १९५१ चा मुंबई पोलीस कायदा. म्हणजे आपल्याच राज्यात आज जो महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणून लागू आहे, तोच. न्यायालयाने म्हटलं, सार्वजनिक जागेवरच्या सभांचं नियमन करता येईल. वेळ, जागा, वाहतूक यांचा विचार करता येईल. पण परवानगी द्यायची की नाही हे कोणत्या आधारावर ठरवायचं, याचा काहीच निकष न देता अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणारा नियम टिकणार नाही. तो नियम रद्द झाला.

नियमन करणं वेगळं आणि गळा दाबणं वेगळं. आज घरी जाताना एवढा फरक जरी लक्षात राहिला तरी माझं काम झालं.

माजलगावचं ईदगाह मैदान

आता एक निकाल सांगतो, जो आपल्या प्रत्येक मुलाला पाठ असायला हवा. तो दिल्लीचा नाही, मुंबईचाही नाही. बीड जिल्ह्यातल्या माजलगावचा आहे.

जानेवारी २०२०. नागरिकत्व सुधारणा कायद्याविरुद्ध देशभर आंदोलनं चालू होती. माजलगावच्या काही लोकांनी जुन्या ईदगाह मैदानावर बेमुदत धरणं धरायचं ठरवलं. रस्ता अडवायचा नव्हता, बाजार बंद करायचा नव्हता. मैदानात बसायचं होतं. पोलिसांनी परवानगी नाकारली. कारण दाखवलं ते अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाचं. तो आदेश महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली काढलेला होता. हे कलम आपल्या ओळखीचं आहे. मुंबईत, ठाण्यात, आपल्याकडे वर्षभर अधूनमधून "जमावबंदी लागू" अशी जी बातमी येते, ती बहुधा याच कलमाची असते.

माजलगावचे लोक घरी गेले नाहीत, आणि मैदानात जबरदस्तीनेही घुसले नाहीत. ते मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे गेले. लेखी हमी दिली की कोणत्याही धर्माविरुद्ध, देशाच्या एकतेविरुद्ध घोषणा देणार नाही.

१३ फेब्रुवारी २०२० ला न्यायमूर्ती टी. व्ही. नलावडे आणि न्यायमूर्ती एम. जी. शेवलीकर यांच्या खंडपीठाने निकाल दिला. दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणि पोलिसांचा नकार, दोन्ही रद्द.

निकालातले तीन मुद्दे मी माझ्या शब्दांत सांगतो.

पहिला. आदेश वरवर सगळ्यांसाठी होता, पण प्रत्यक्षात तो या एका कायद्याला विरोध करणाऱ्यांना गप्प करण्यासाठी होता, असं न्यायालयाच्या लक्षात आलं. म्हणजे कागदावर नियम सर्वांना सारखा दिसला तरी त्याचा रोख कुणावर आहे हे न्यायालय बघू शकतं.

दुसरा. एखाद्या कायद्याला विरोध केला म्हणून कुणाला देशद्रोही किंवा गद्दार म्हणता येत नाही. हे वाक्य एखाद्या पुढाऱ्याचं नाही, आपल्या उच्च न्यायालयाचं मत आहे. आणि न्यायालयाने आठवण करून दिली, की हा देशच अहिंसक आंदोलनांतून स्वतंत्र झाला.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. न्यायालय म्हणालं, तो कायदा बरोबर की चूक हे आम्ही इथे ठरवत नाही. एखाद्या समाजाला जर मनापासून वाटत असेल की कायदा आपल्या हिताविरुद्ध आहे, तर ते म्हणणं शांततेने मांडण्याचा त्यांना हक्क आहे, एवढंच आम्ही बघतो. म्हणजे बसण्याचा हक्क मिळवायला आधी आपलं म्हणणं बरोबर असल्याचं सिद्ध करावं लागत नाही.

मला विचाराल तर माजलगावच्या त्या लोकांनी आपल्यासाठी एक रस्ता करून ठेवलाय. आपण त्यावरून चाललो नाही तर त्यावर गवत उगवेल.

रस्ता आणि मैदान

आता दुसरी बाजू. ती नाही सांगितली तर मी तुमची फसवणूक करेन.

दिल्लीच्या शाहीन बागेत १५ डिसेंबर २०१९ पासून महिला बसल्या. त्यांच्याकडे बघून जानेवारी २०२० च्या अखेरीस नागपाड्याच्या मोरलँड रोडवर 'मुंबई बाग' सुरू झाली, पुण्यात कोंढव्यात महिला बसल्या. आपल्या आया, बहिणी, ज्या कधी स्टेजवर गेल्या नव्हत्या, त्या माईक हातात घेऊन बोलल्या. मार्चमध्ये कोविड आला आणि सगळं थांबलं.

त्यानंतर ७ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने शाहीन बागेबद्दल निकाल दिला. न्यायालयाने विरोध करण्याचा हक्क मान्य केला. पण सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून बसता येणार नाही, आंदोलनं ठरवून दिलेल्या जागीच व्हायला हवीत, असंही सांगितलं.

अनेकांना हा निकाल आवडला नाही. मलाही त्यातलं सगळं पटत नाही. पण त्यातून निघणारा एक तर्क बघा, तो आपल्या बाजूचा आहे. आंदोलनाने रस्त्यावर यायचं नाही, ठरलेल्या जागी जायचं, असं जर न्यायालय सांगतं, तर ठरलेली जागा असायला हवी. ती उघडी असायला हवी. आणि ती सगळ्यांना सारख्या अटींवर मिळायला हवी. रस्ताही बंद आणि मैदानही बंद, असं झालं तर हक्क कागदावरच राहील. ज्या घराचं पुढचं आणि मागचं दोन्ही दारं बाहेरून बंद आहेत, त्या घरात राहणाऱ्याला कुणी मोकळा म्हणत नाही.

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हाच पेच आला होता. हरित लवादाने २०१७ मध्ये दिल्लीच्या जंतर मंतरवर आंदोलनांना बंदी घातली. कारण, तिथल्या रहिवाशांना आवाजाचा त्रास होतो. त्रास खराच होता. मजदूर किसान शक्ती संघटन न्यायालयात गेलं. न्यायालयाने सांगितलं, रहिवाशांचा शांततेचा हक्कही खरा आणि आंदोलकांचा हक्कही खरा. सरसकट बंदी चालणार नाही, दोन्ही सांभाळणारी नियमावली करा. हा समतोल मला प्रामाणिक वाटतो. आपणही कुणाच्या तरी खिडकीखाली राहतो. दहावीचा अभ्यास करणारी मुलगी आपल्याही घरात असते.

आझाद मैदान

मुंबईत ठरलेली जागा म्हणजे आझाद मैदान. २०२५ च्या एकाच पावसाळ्यात या मैदानावर दोन गोष्टी घडल्या. त्या शेजारी शेजारी ठेवून बघू.

पहिली. गाझातल्या नरसंहाराविरुद्ध सभा घ्यायला पोलिसांनी परवानगी नाकारली. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष उच्च न्यायालयात गेला. २५ जुलैला न्यायालयाने याचिका फेटाळली आणि आपल्या देशात इतके प्रश्न असताना परदेशातल्या प्रश्नावर का आंदोलन करता, अशा अर्थाचे शेरेही मारले. आपल्यापैकी अनेकांना ते लागले. पण पक्षाने पुन्हा स्वतःच्या नावाने अर्ज केला, पुन्हा न्यायालयात गेला, आणि ऑगस्टमध्ये त्याच आझाद मैदानावर, त्याच विषयावर सभा झाली. विषय तोच, मैदान तेच, फरक फक्त दुसऱ्यांदा केलेल्या अर्जाचा.

दुसरी गोष्ट. २९ ऑगस्टला मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले. परवानगी होती ५,००० लोकांची, सकाळी ९ ते संध्याकाळी ६. पोलिसांनी एकेका दिवसाने मुदत वाढवली. लोक त्याच्या कितीतरी पट आले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरातले रस्ते भरून गेले. उच्च न्यायालयाने अटी मोडल्याबद्दल खडसावलं आणि रस्ते मोकळे करायला सांगितलं. २ सप्टेंबरला सरकारने हैदराबाद गॅझेटियरबाबत शासन निर्णय काढला आणि उपोषण सुटलं.

इथे तरुण मुलं मला लगेच विचारतात, "भाई, त्यांच्या जागी आपण असतो तर?" प्रश्न रास्त आहे. उत्तर तुम्हालाही माहीत आहे. पण त्यातून काय निष्कर्ष काढायचा, यावर माझं तुमच्याशी भांडण आहे. काही जण म्हणतात, "त्यांना दिलं ते चूक होतं." मी म्हणतो, त्यांना जो संयम दाखवला गेला तो योग्य होता. मराठवाड्यातून रात्रभर प्रवास करून आलेल्या शेतकऱ्याच्या पोरावर लाठी पडली नाही, याचा मला आनंद आहे. आपली मागणी एवढीच असायला हवी, की तोच संयम सगळ्यांना मिळावा. दुसऱ्याच्या ताटातलं काढून आपलं पोट भरत नाही.

आपल्या शहरात

आता मिरा-भाईंदरकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत आपली लोकसंख्या ८ लाखांच्या वर होती. एवढ्या मोठ्या शहरात सरकारला काही सांगायचं असेल तर लोकांनी बसायचं कुठे, याचं उत्तर इथल्या सामान्य माणसाला देता येत नाही. मैदानं आहेत, महोत्सव होतात, प्रदर्शनं भरतात, क्रिकेटच्या स्पर्धा होतात. आंदोलनाची जागा विचारली की सगळे एकमेकांकडे बघतात.

८ जुलै २०२५ चा दिवस आठवा. मराठीच्या मुद्द्यावर महाराष्ट्र नवनिर्माण सेना आणि मराठी एकीकरण समितीने मिरा रोडला मोर्चा ठरवला होता. त्याआधी व्यापाऱ्यांचा मोर्चा निघाला होता. या मोर्चाला मात्र ठरलेल्या मार्गाने परवानगी मिळाली नाही. सरकारचं म्हणणं होतं, मार्ग बदला, आयोजक ऐकत नाहीत. पहाटेपासून कार्यकर्त्यांची धरपकड झाली. नेत्यांना घरातून उचललं. त्यावर लोक आणखी चिडले, आणखी जमले, आणि शेवटी दुपारी मोर्चा निघालाच. दुसऱ्या दिवशी पोलीस आयुक्तांची बदली झाली.

या मोर्चाआधी एका दुकानदाराला जी मारहाण झाली, तिला माझा ठाम विरोध आहे. भाषेसाठी हात उचलणं मला मान्य नाही. पण मोर्चा काढण्याच्या त्यांच्या हक्काला माझा पाठिंबा होता आणि आहे. तुम्ही आम्ही घरात मराठी, दखनी, कोकणी, उर्दू बोलणारे लोक. मराठी आपलीही भाषा आहे. पण मुद्दा भाषेचा नाही. पहाटे माणसं उचलून मोर्चा थांबवण्याची पद्धत त्या दिवशी त्यांच्यावर वापरली गेली. तिच्यावर आपण गप्प बसलो, तर ती आपल्यावर वापरली जाईल तेव्हा बोलायला तोंड राहणार नाही.

याहून कठीण उदाहरण देतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये, नया नगरच्या घटनेला महिनाच झाला होता, तेव्हा तेलंगणातले आमदार टी. राजा सिंह यांची आपल्या शहरात सभा ठरली. पोलिसांनी परवानगी नाकारली. उच्च न्यायालयाने अटी घालून, चिथावणीखोर बोलायचं नाही असं बजावून, परवानगी दिली. आपल्या वस्तीत तेव्हा काय वातावरण होतं ते मला माहीत आहे. तरी आज तुमच्यासमोर सांगतो. सभा घेण्याचा हक्क तोच, जो माजलगावच्या लोकांना मिळाला. सभेत द्वेष पसरवला तर तो गुन्हा आहे, त्यासाठी तक्रार करायची, पाठपुरावा करायचा, शेवटपर्यंत लढायचं. पण सभाच होऊ देऊ नका, असं म्हणायला लागलो तर उद्या तेच वाक्य आपल्या अर्जावर शेरा म्हणून येईल. न पटणाऱ्याला जेवढी जागा आपण मान्य करतो, तेवढीच आपली पक्की होते.

आपल्याकडून काय हवं

आतापर्यंत मी सरकारकडे बोट दाखवलं. आता आपल्याकडे.

११ ऑगस्ट २०१२. आझाद मैदान. आसाम आणि म्यानमारमधल्या मुस्लिमांवरच्या अत्याचारांविरुद्ध सभा होती. परवानगी होती, कारणही खरं होतं. पण जमावातल्या काहींनी गाड्या जाळल्या, पोलिसांवर हल्ले केले, महिला पोलिसांवर हात टाकला, शहीद स्मारकाची तोडफोड केली. दोन माणसं मेली. त्या एका दुपारची किंमत आपण अजून देतोय. "शांततेने" हा शब्द संविधानात पहिला आहे. तो तुटला की पुढचं सगळं तुटतं, आणि आपल्याला वकील मिळाला तरी युक्तिवाद मिळत नाही.

याउलट १९ डिसेंबर २०१९ चं ऑगस्ट क्रांती मैदान बघा. हजारो लोक जमले. तुमच्यातले काही जण तिथे असतील. लोक आले, बोलले, गाणी म्हटली, घरी गेले. एक काच फुटली नाही. हे तेच मैदान, जिथे ८ ऑगस्ट १९४२ ला 'भारत छोडो'चा ठराव झाला. ती घोषणा देणारे युसुफ मेहरअली आणि दुसऱ्या दिवशी तिथे तिरंगा फडकवणाऱ्या अरुणा असफ अली, ही नावं आपल्या मुलांना माहीत असायला हवीत.

आणि मार्च २०१८ ची ती रात्र. नाशिकहून चालत आलेले हजारो शेतकरी, आदिवासी, पायाला फोड आलेले, सोमय्या मैदानावर पोचले. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. मुलांना ट्रॅफिकचा त्रास नको म्हणून ते विश्रांती सोडून रात्रीच उठले आणि पहाटेपर्यंत चालत आझाद मैदानावर गेले. कुणी हुकूम दिला नव्हता. त्या एका निर्णयाने मुंबईकर पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर उभे राहिले. कोणत्याही वकिलाला जमलं नसतं ते काम त्या रात्रीच्या चालण्याने केलं.

आपल्यातले काही जण जगातल्या मोठ्या आंदोलनांची उदाहरणं देतात. न्यूयॉर्कच्या झुकोटी पार्कमध्ये २०११ साली लोक जवळपास दोन महिने तंबू ठोकून राहिले. पण ती जागा खासगी मालकीची, चोवीस तास लोकांसाठी खुली ठेवायच्या अटीवर बांधलेली होती. सरकारी बागा रात्री बंद होतात म्हणून लोक तिथे गेले. शेवटी नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी त्यांना काढलंच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८४ मध्येच म्हटलं होतं, की बागेत आंदोलन करू द्यावं लागेल, पण तिथे मुक्काम करण्यावर बंदी घालता येते. सांगायचा मुद्दा, मैदानात बसण्याचा हक्क म्हणजे मैदान कायमचं ताब्यात घेण्याचा हक्क नाही. तिथे सकाळी फिरायला येणारे आजोबा आहेत, संध्याकाळी खेळणारी मुलं आहेत. मैदान त्यांचंही आहे.

महाडपासून शिकण्यासारखं

या सगळ्याचं मूळ आपल्याच मातीत आहे, कोकणात. महाडचं चवदार तळं सार्वजनिक होतं. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क आला, पाण्याला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले.

पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. परिषदेला जागा कुणी देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या एका मुस्लिम गृहस्थाने आपली जमीन दिली. आणि ऐन वेळी विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आणला. हजारो लोक जमलेले, रक्त तापलेलं. बाबासाहेबांनी सत्याग्रह स्थगित केला आणि खटला लढवला. एक दोन वर्षं नाही, दहा वर्षं. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

पाऊल टाकायची हिंमत आणि दहा वर्षं कागद सांभाळायची चिकाटी, दोन्ही एकाच माणसात होती. आपल्याकडे पहिलीचा तुटवडा नाही. दुसरीचा आहे.

तर करायचं काय

म्हणून शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. सगळ्या कंटाळवाण्या आहेत, त्यामुळेच उपयोगाच्या आहेत.

अर्ज लेखी करा, वेळेच्या बराच आधी. एक प्रत पोलीस ठाण्याला आणि एक, जागा ज्यांची आहे त्या महापालिकेला. तारीख, वेळ, अंदाजे संख्या, विषय, जबाबदार व्यक्तींची नावं स्पष्ट लिहा. पोचपावतीचा शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. ज्या अर्जाला शिक्का नाही, तो अर्ज झालाच नाही असं समजा.

तोंडी "नाही" ऐकून परत येऊ नका. नकार लेखी मागा, कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या कारणाने. कलम ३७ सांगितलं तर आदेशाची तारीख बघा. सभांवर बंदी घालणारा असा आदेश राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३, म्हणजे जुनं १४४, सांगितलं तर जानेवारी २०२० चा अनुराधा भसीन निकाल लक्षात ठेवा. असा आदेश कारणं देऊनच काढावा लागतो, आणि न पटणारं मत दाबण्यासाठी तो वापरता येत नाही. पर्यायी जागा किंवा वेळ सुचवली तर लगेच नाही म्हणू नका. रास्त असेल तर घ्या. रास्त नसेल तर का नाही, ते लेखी द्या. एवढा कागद हातात असेल तर उच्च न्यायालयात वकिलाला उभं राहायला जागा मिळते. गाझाच्या सभेचा धडा हाच आहे, न्यायालयात जाणाऱ्याच्या हातात स्वतःचा अर्ज हवा.

परवानगी मिळाल्यावर अटी तोंडपाठ करा. रात्री १० नंतर लाऊडस्पीकर नाही. स्वयंसेवकांची यादी, त्यात महिला हव्यातच. ॲम्ब्युलन्सला वाट. कोण बोलणार हे आधी ठरलेलं. अनोळखी कुणी भडक घोषणा देऊ लागला तर त्याला बाजूला घेणारे दोन शांत डोक्याचे लोक. आणि जाताना मैदान आलो त्याहून स्वच्छ.

शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी आहे. आपण आंदोलनाची वेळ येण्याची वाट का बघायची? आपल्या शहरात शांततापूर्ण सभा आणि धरण्यांसाठी एक मैदान ठरवून द्या, त्याचे नियम लिहून जाहीर करा, अर्जावर किती दिवसांत उत्तर देणार ते सांगा, अशी मागणी आत्ताच करू. सध्या कोणत्या मैदानाला कोणते नियम आहेत, गेल्या पाच वर्षांत किती अर्ज आले आणि किती नाकारले, हे माहिती अधिकारात विचारू. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि हा अर्ज फक्त आपल्या नावांनी नको. मराठीच्या मोर्चात चाललेल्या शेजाऱ्याची सही हवी, व्यापाऱ्यांच्या मोर्चातल्या दुकानदाराची हवी, ख्रिस्ती कोळी बांधवांची हवी, गृहसंकुलाच्या सेक्रेटरीची हवी. मैदान सगळ्यांचं आहे, तर मागणीही सगळ्यांची दिसली पाहिजे.

मसुदा मी लिहून आणलाय, बाहेर टेबलावर ठेवलाय. दोन पानांचा आहे. वाचा, चुका काढा, आणि सही करायची असेल तर पूर्ण नाव आणि पत्ता लिहून करा. ज्यांना अजून भीती वाटते त्यांनी आज नाही केली तरी चालेल. पण घरी घेऊन जा, शेजाऱ्याला वाचून दाखवा.